मेणाच्या नळीत मावलेलं गाव

रोमानियाच्या खेड्यांतली शंभर वर्षांपूर्वीची गाणी ऐकायला बसलं की आधी खरखर ऐकू येते, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. तिच्यामागून, विहिरीच्या तळाशी उभं राहून कुणी गावं तसा, एका बाईचा आवाज येतो. गाणं जरा रंगतंय असं वाटेपर्यंत ते मध्येच तुटतं. ना सुरुवात नीट, ना शेवट. बरेच जण इथंच बंद करतात आणि म्हणतात, संगीताच्या अभ्यासकांना लखलाभ असो.

हा लेख अशा बंद करणाऱ्यांसाठी आहे. ते गाणं तसं का ऐकू येतं, मध्येच का तुटतं आणि त्यासोबत एक कागद का असतो, एवढं कळलं तर तीच खरखर पुष्कळ बोलू लागते.

आधी यंत्र समजून घेऊ. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला. गाणाऱ्याने एका कर्ण्याच्या तोंडाशी गायचं. आवाजाने कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा थरथरतो आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या नळीवर बारीक चर कोरत जाते. चराची खोली आवाजाप्रमाणे कमीजास्त होते. पुन्हा तीच नळी फिरवून चरातून सुई नेली की पडदा तसाच थरथरतो आणि कर्ण्यातून गाणं परत येतं. विजेचा संबंध नाही, मायक्रोफोन नाही. मेण कोरायला लागणारी सगळी ताकद गाणाऱ्याच्या छातीतून यायची.

त्यामुळे काय टिपलं जाईल आणि काय नाही, हे यंत्रच ठरवत होतं. कर्ण्याजवळ उभी राहून एकटी गाणारी बाई बरी उमटते. लग्नात वाजणारा अख्खा ताफा, त्यातले खर्जातले तंतू, नाचणाऱ्यांचे पाय, मधल्या आरोळ्या यातलं फारसं काही मेणात उतरत नाही. म्हणून जुन्या संग्रहांत एकट्याने गायलेली गाणी आणि एकट्याने वाजवलेल्या बासऱ्या भरपूर सापडतात. त्यावरून तिथले लोक एकेकटेच गात असत असा निष्कर्ष काढला, तर तो कर्ण्याचा दोष गावाच्या माथी मारल्यासारखं होईल.

दुसरी अडचण वेळेची. एका नळीवर साधारण दोन ते चार मिनिटं मावतात. नळी हळू फिरवली तर थोडं जास्त बसतं, पण आवाज मंद आणि घोगरा होतो. लांबलचक पोवाड्यासारखं कथागीत असेल तर त्याची पहिली काही कडवी मेणावर घ्यायची आणि उरलेले शब्द वहीत उतरवायचे, असा रिवाज पडला. गाणं तुटतं ते गाणाऱ्यामुळे नव्हे. मेण संपतं.

तिसरी गोष्ट वेगाची. यंत्राची स्प्रिंग सैल पडली की नळी मंदावते आणि स्वर खाली घसरतो. मग गाणारी मुळात कोणत्या पट्टीत गात होती, हे पुढे कसं कळणार? यावर संग्राहकांची एक साधी युक्ती होती. गाण्याआधी ठरलेल्या स्वराची छोटी पिपाणी कर्ण्यात फुंकायची. पुढे ऐकताना त्या पिपाणीचा स्वर बरोबर लागेपर्यंत वेग जुळवायचा. खरखरीत सुरुवातीला असा एक ओकाबोका ‘पीं’ ऐकू आला तर ते गाणं नाही, मोजपट्टी आहे.

आता खुद्द खरखरीबद्दल. मेण मऊ असतं, त्यामुळे सुई प्रत्येक फेरीत चर थोडा झिजवते. अभ्यासक स्वरलिपी लिहायला बसला की एकच ओळ वीस-पंचवीस वेळा लावणार. कधी वेग निम्मा करायचा. मग सगळं एक सप्तक खाली येतं, पण घाईत निसटणाऱ्या हरकती मोजता येतात. म्हणजे जे गाणं अभ्यासकाला सर्वात जास्त आवडलं, तेच सर्वात जास्त झिजलं. बुरशीनेही नळ्या खाल्ल्या, हे खरं. पण काही खरखर निव्वळ प्रेमाची आहे.

या यंत्राचं ओझं घेऊन डोंगर चढणाऱ्यांत सर्वात नावाजलेला माणूस रोमानियन नव्हता. बेला बार्तोक हा हंगेरियन संगीतकार. त्याचा जन्म १८८१ साली बानात प्रांतात झाला. त्याचं जन्मगाव तेव्हा हंगेरीत होतं, आज ते सन्निकोलाउ मारे या नावाने रोमानियात आहे. १९०९ मध्ये तो बिहोर भागात रोमानियन गाणी गोळा करायला गेला. बेयुश गावातले शिक्षक इयोन बुशित्सिया यांनी त्याला खेड्यापाड्यांत नेलं. तो रोमानियन भाषा शिकला. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांपर्यंत त्याने सुमारे साडेतीन हजार रोमानियन चाली जमवल्या. एवढ्या चाली, तेही दुसऱ्यांच्या भाषेतल्या!

मार्च १९१३ मध्ये उत्तरेकडच्या मारामुरेश भागात त्याला एक वेगळाच गानप्रकार सापडला. तिकडे त्याला होरा लुंगा, म्हणजे लांब गाणं, असं म्हणतात. यात ठरलेली चाल नसते. काही वळणं ठरलेली असतात: सुरुवातीला एक स्वर लांबवर धरायचा, मग त्याभोवती गुंफण घालत उतरायचं, शेवटी एकाच स्वरावर शब्द भराभर म्हणून टाकायचे. ही वळणं कोणत्या क्रमाने आणि कितीदा, ते गाणारा त्या क्षणी ठरवतो. आलापी ऐकलेल्या माणसाला हे सांगताना फार श्रम पडत नाहीत, फक्त राग वगैरे डोक्यातून काढून टाकावे लागतात. गळ्यात स्वर मध्येच अडवून, हुंदक्यासारखा झटका देत सोडायची तिथे एक लकब आहे. तिला ते लोक ‘गाठी’ घालून गाणं म्हणतात. खराब नळीवरही या गाठी ओळखू येतात.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बार्तोक अल्जीरियातल्या बिस्क्रा भागात गेला आणि तिथल्या अरब गाण्यात त्याला याचं नातलग शोभेल असं काही ऐकू आलं. एकच गानपद्धत इतक्या लांब पसरलेली असू शकते, या विचाराने त्याला पुढे बराच काळ सोडलं नाही. होरा लुंगा ज्या कुळातली आहे, त्या दोइना या भावगानाला युनेस्कोने २००९ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बार्तोकला या कामाचं बक्षीस काय मिळालं? पहिल्या महायुद्धानंतर झालेल्या १९२० च्या त्रियानो तहाने हंगेरीतला ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे गेला. त्याच वर्षी हंगेरीतल्या देशभक्तांनी त्याच्यावर झोड उठवली, कारण त्याने हुनेदोआरा भागातल्या रोमानियन संगीतावर आपुलकीने लिहिलं होतं. पुढे १९३० च्या दशकात रोमानियातून उलट आरोप आला, की हा हंगेरीचीच तळी उचलतो. दोन्हीकडून शिव्या खाणारा संग्राहक बहुधा बरोबर काम करत असतो, असं माझं आपलं मत. छपाईतही हाल झाले. नाताळात पोरांचे जथे घरोघर जाऊन गातात त्या कोलिंदा गाण्यांचं पुस्तक त्याने १९३५ साली व्हिएन्नात पदरचे पैसे घालून छापलं, त्यात चाली आल्या, शब्द राहिले. पूर्ण रोमानियन संग्रह पाच खंडांत निघाला १९६७ ते १९७५ या काळात. बार्तोक १९४५ सालीच न्यूयॉर्कमध्ये वारला होता.

मात्र जुनी ध्वनिमुद्रणं कशी ऐकायची, हे ज्याने शिकवलं तो माणूस दुसरा. कॉन्स्तान्तिन ब्रईलोयू, जन्म १८९३. १९२८ मध्ये त्याने बुखारेस्टला रोमानियन संगीतकार संघाच्या छत्राखाली लोकसंगीताचा संग्रह उभा केला. त्याच सुमारास, १९२७ मध्ये, जॉर्जे ब्रेआझुल याने सरकारी खात्यात वेगळा फोनोग्राफ संग्रह सुरू केला होता. पण ब्रईलोयूची संगत निराळी होती. समाजशास्त्रज्ञ दिमित्रिए गुस्ती दर उन्हाळ्यात प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचा मोठा तांडा घेऊन एकेका गावात मुक्काम ठोकायचा. कुणी जमिनीची मोजणी करायचं, कुणी आहार तपासायचं, कुणी घरांची चित्रं काढायचं. १९२८ ला फुंदू मोल्दोवेई, १९२९ ला ट्रान्सिल्व्हेनियातलं द्रगुश, अशी गावं झाली. ब्रईलोयू त्यांच्याबरोबर जायचा आणि गाणं बाकीच्या आयुष्यापासून सुटं करता येत नाही, हे रोज डोळ्यांनी पाहायचा.

१९३१ साली त्याने आपली पद्धत लिहून काढली. तिचं सार सोपं आहे. यंत्र खोटं बोलत नाही, पण ते अर्धवट बोलतं. बाई काय गायली हे मेण सांगेल. ती कोण, वय काय, लिहिता-वाचता येतं का, गावाबाहेर कधी राहिली का, पुरुष असेल तर पलटणीत जाऊन आला का, हे गाणं कुणाकडून आणि कधी शिकलं, कोणत्या प्रसंगी गातात, कोणी गायचं नसतं, हे मेण सांगणार नाही. म्हणून प्रत्येक नळीसोबत कागद हवाच. गाणाऱ्याचा एक, गाण्याचा एक. पलटणीचा प्रश्न गंमत म्हणून नव्हता. लष्करात चार मुलखांची पोरं एकत्र येतात आणि परत येताना चाली घेऊन येतात. गावात अचानक उपटलेल्या परक्या चालीचा माग अनेकदा तिथंच लागतो.

आणखी एक आग्रह. गावातली सर्वात गोड गळ्याची बाई शोधून तेवढीच मुद्रित करायची, हा मोह टाळायचा. म्हातारे, तरुण, बाया, गडी, साधारण गाणारे, सगळे घ्यायचे आणि एकच गाणं अनेकांकडून घ्यायचं. का? तर लोकगीताची ‘मूळ प्रत’ अशी नसतेच. प्रत्येक जण गाताना ते थोडं बदलतो, आणि या सगळ्या बदलांची मिळून जी काही गोळाबेरीज, तेच गाणं. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी कधी जमवल्या असतील त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्वरलिपी लिहितानाही ब्रईलोयू पहिलं कडवं वर पूर्ण मांडायचा आणि पुढच्या कडव्यांत जिथे फरक पडला तेवढंच त्या-त्या जागेखाली लिहायचा. पान उघडलं की चालीचे कोणते सांधे घट्ट आहेत आणि कोणते हलतात, ते नजरेलाच दिसतं.

हे सगळं ऐकून तो निव्वळ कारकुनी वृत्तीचा वाटेल. तसं नव्हतं. या कागदांच्या ढिगातूनच त्याने लयीची दोन कोडी सोडवली, आणि ती मराठी वाचकाला युरोपियन वाचकापेक्षा लवकर कळतील अशी माझी खात्री आहे. पहिलं कोडं: रोमानियन गाण्यातले स्वर पाश्चात्य तालाच्या चौकटीत बसत नाहीत, तरी ते बेताल नाहीत. ब्रईलोयूने दाखवलं की तिथे एकक ताल नसून अक्षर आहे. काही अक्षरं आखूड, काही लांब, आणि लांब बरोबर दुप्पट. आपले लघु आणि गुरूच म्हणा ना! फरक इतकाच, की आपल्याकडे अक्षराचं वजन लघु-गुरू ठरवतं, तिथे चालीचा साचा ठरवतो. ओळ सहा किंवा आठ अक्षरांची, आपल्या लहान अभंगाच्या चरणासारखी. एखादं अक्षर कमी पडलं तर शेवटी एखादा ‘उ’ नाहीतर ‘मई’ जोडून गायचं. आपण नाही का ‘गं बाई’ घालून वेळ मारून नेत?

दुसरं कोडं नाचाच्या लयीचं. बार्तोक तिला बल्गेरियन लय म्हणायचा. ब्रईलोयूने १९५१ च्या निबंधात तिला तुर्की शब्द दिला, अक्साक, म्हणजे लंगडी. यात दोनच मापं: एक दोनाचं, एक तीनाचं. त्यांच्या जुळण्यांतून साऱ्या लयी बनतात. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन आठवा. आता तो इतका जलद करा की मात्रा मोजणं अशक्य व्हावं आणि फक्त आखूड पाऊल, लांब पाऊल एवढंच अंगाला कळावं. झाली अक्साक.

आणि मग मरणाची गाणी. ओल्तेनियातल्या गोर्ज भागातल्या अंत्यविधीच्या गाण्यांवर ब्रईलोयूने १९३६ साली छोटा संग्रह काढला. या संग्रहाने मला पहिल्यांदा कागदाची किंमत शिकवली. तिथे मृत्यूच्या घरी दोन प्रकारचं गाणं असतं. एक बोचेत, म्हणजे विलाप. तो घरच्या बायका करतात, सुचेल तसा, मेलेल्याशी बोलत. दुसरी विधीची गाणी. ती ठरलेली असतात, अक्षर बदलत नाही, आणि ती नात्यातल्या बाईने गायची नसतात. गायिका निराळ्या बोलावतात. त्यांनी रडायचं नसतं. नुसती नळी ऐकली तर दोन्ही बायका ‘दुःखी गाणं’ गात आहेत इतकंच वाटेल. कोण कोणाची लागते, हे कागदावर आहे.

या विधीतल्या पहाटेच्या गाण्याला झोरिले म्हणतात. उजाडायच्या सुमाराला बायका पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहतात आणि पहाटांना बहिणी म्हणून हाक मारतात. आपल्या भूपाळ्या देवाला उठवतात, या बायका पहाटेलाच थोपवून धरतात: बायांनो, उजाडायची घाई करू नका, अजून याची तयारी व्हायची आहे, वाटेत दिसावं म्हणून मेणाची वात वळून व्हायची आहे. दुसऱ्या एका गाण्यात मेलेल्याला रस्ता समजावून सांगतात. वाटेत लांडगा भेटेल, भिऊ नकोस, त्याला भाऊ मान, त्याला रानातल्या पाऊलवाटा ठाऊक आहेत. पाणमांजर भेटेल, तिलाही जवळ कर, तिला पाण्याचे उतार ठाऊक आहेत. लग्नाआधी मेलेल्या तरुणाबरोबर जंगलातून देवदाराच्या जातीचं कोवळं झाड तोडून आणतात, आणि त्या झाडाचंही गाणं असतं. त्यात झाड तक्रार करतं, की मला फसवून आणलं.

ही गाणी फोनोग्राफपुढे गायची म्हणजे मेलेलं कुणी नसताना, दिवसाउजेडी, शहरातून आलेल्या माणसाच्या कर्ण्यात गायची. अशी गाणी ऐकताना आवाजात काहीतरी कोरडं लागलं, तर ते कोरडेपण गाण्याचं आहे की त्या दुपारचं, हा प्रश्न मनात जागा ठेवावा.

संग्रहाचं पुढचं आयुष्य थोडक्यात. ब्रईलोयू १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला गेला, १९४४ मध्ये जिनिव्हात त्याने जगभरच्या लोकसंगीताचा संग्रह स्थापन केला, आणि साम्यवादी राजवट आल्यावर तो परतला नाही. जिनिव्हातूनच त्याने १९५१ ते १९५८ या काळात जगातल्या लोकसंगीताच्या ४० तबकड्या काढल्या आणि १९५८ मध्येच तो वारला. इकडे बुखारेस्टला १९४९ मध्ये दोन्ही जुने संग्रह एकत्र करून लोकसाहित्य संस्था निघाली. तिचा पहिला संचालक हॅरी ब्राउनर, ब्रईलोयूचा सहकारी. त्याला १९५४ च्या राजकीय खटल्यात १२ वर्षांची शिक्षा झाली. ज्या राजवटीने लोकगीतांसाठी संस्था काढली, तिनेच तिच्या संचालकाला तुरुंगात घातलं. रंगमंचावर मात्र भरजरी ‘लोकसंगीत’ जोरात होतं: गणवेशासारखे पोशाख, मोठे वाद्यवृंद, कंडक्टर, घासूनपुसून एकसारख्या केलेल्या चाली.

त्या संस्थेत १९४९ च्या सुमाराला ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेला एक २६ वर्षांचा हंगेरियन तरुण मेणाच्या नळ्या ऐकून स्वरलिपी लिहायला शिकत होता. ग्योर्गी लिगेती त्याचं नाव. १९५१ मध्ये त्याने त्या साठ्यातून वाद्यवृंदासाठी एक रोमानियन रचना केली आणि बुडापेस्टमध्ये ती अडवली गेली. पुढे तो विसाव्या शतकातल्या मोठ्या संगीतकारांत गणला गेला.

एक बाजू या सगळ्यात उपेक्षित राहिली, ती लाउतारांची. लाउतार म्हणजे लग्नाकार्यात वाजवणारे पेशेवर वादक, बहुतेक रोमा, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं, त्या समाजातले. वालाचिया आणि मोल्दोव्हा या रोमानियाच्या जुन्या संस्थानांत रोमा लोक १८५५-५६ पर्यंत चक्क गुलाम होते. गावाला नाचवणारे हेच, पण बार्तोकसारख्या संग्राहकाला शेतकऱ्याचं ‘शुद्ध’ गाणं हवं असायचं आणि पैसे घेऊन वाजवणारा माणूस त्याला भेसळीचा वाटायचा. ही कसर पुढे स्पेरान्त्सा रदुलेस्कु या संशोधक बाईंनी भरून काढली. क्लेजानी गावातल्या रोमा वादकांचं मुद्रण १९८८ मध्ये फ्रान्समधून निघालं त्यात त्यांचा हात होता, आणि नंतर बुखारेस्टच्या रोमानियन शेतकरी संग्रहालयातून त्यांनी ‘एथ्नोफोनी’ ही मालिका चालवली. त्यात गावातले वादक गावात जसे वाजवतात तसेच ऐकू येतात, कंडक्टर नाही आणि घासपूसही नाही. २०२२ मध्ये त्या वारल्या.

ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी बार्तोकच्या ‘रोमानियन लोकनृत्ये’ या १९१५ च्या पियानो रचनेकडे बोट दाखवतो. ती त्याने बेयुशच्या त्या बुशित्सिया मास्तरांना अर्पण केली. सहा छोटे नाच, सगळे मिळून जेमतेम पाच-सहा मिनिटं. तिसरा नाच घ्या. तो बानातमधल्या इग्रिश गावातला, मुळात बासरीवरचा. पियानोवर उजवा हात चार-पाच स्वरांच्या कोपऱ्यात घुटमळत राहतो आणि डावा हात एकच सूर धरून बसतो. आधी तो ऐका, मग मेणावरची जुनी बासरी मिळाली तर ती. आणि पहिला, काठीचा नाच. तो बार्तोकने मुरेश भागातल्या एका गावात ऐकला होता. शेतकऱ्याच्या तोंडून नव्हे, दोन रोमा फिडलवाल्यांकडून.